वामनदादा कर्डक : गाणे घराघरांत, नाव शेवटच्या कडव्यात

भिवंडी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीला, म्हणजे १४ एप्रिलला, भिवंडीच्या कामगार वस्त्यांमध्ये लागणाऱ्या गाण्यांत वामन कर्डक यांचे एकही गाणे नाही असे सहसा घडत नाही. मुंबईच्या चाळी, नाशिकची गावे, मराठवाड्यातील तालुक्याची ठिकाणे, नागपूरची दीक्षाभूमी यांबाबतही तेच म्हणता येईल. ही गाणी लोकांना तोंडपाठ असतात. मात्र ती कोणी लिहिली, असे विचारले तर अनेकदा गायकाचे नाव सांगितले जाते, कधी कॅसेट कंपनीचे, तर कधी 'ते पूर्वीपासूनच आहे' असे उत्तर मिळते. गाणे लोकांचे होणे हा कवीचा मोठाच सन्मान होय. पण लोकांचे होताना ते कवीचे राहिले की नाही, हा प्रश्न वामनदादांच्या बाबतीत आजही शिल्लक आहे.

लोकशाहीर, गीतकार, गायक आणि जनतेने बहाल केलेली 'महाकवी' ही पदवी मिरवणारे वामन तबाजी कर्डक (१९२२-२००४) यांनी सहा दशके गाणी लिहिली आणि स्वतः गावोगाव फिरून ती गायिली. त्यांच्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात असल्याचे मानले जाते. त्यांपैकी त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने छापली गेली ती फार थोडी.

देशवंडी ते मुंबई

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. वडिलांचे नाव तबाजी, आईचे सईबाई. थोरला भाऊ सदाशिव आणि बहीण सावित्री असे हे कुटुंब होते. गावगाड्यात महार समाजाच्या वाट्याला आलेली कामे, अपुरे अन्न आणि शाळेची बंद दारे हेच या घराचेही भागधेय होते. लहान वयात गुरे राखणे, लाकूडफाटा गोळा करणे यांतच वामनदादांचे बालपण गेले. शाळेत जाऊन अक्षर गिरवण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

ज्या जिल्ह्यात ते वाढत होते तो मात्र त्या काळी चळवळीने ढवळून निघाला होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्या वेळी वामनदादा तेरा वर्षांचे होते. पुढे त्यांच्या गाण्यांत जो इतिहास येतो, त्याचा बराच भाग असा त्यांच्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर घडलेला होता.

पोटासाठी हे कुटुंब मुंबईकडे वळले. गिरणीतील काम, कोळशाच्या वखारीतील मजुरी, फेरीचा धंदा अशी मिळेल ती कामे करीत वामनदादांनी मुंबईत पाय रोवले. शिवडीच्या बीडीडी चाळीत त्यांचा मुक्काम होता. समता सैनिक दलात ते सामील झाले. तरुण मुलांना ते लेझीम शिकवीत. याच काळात त्यांना चित्रपटांचे वेड लागले. पडद्यावर झळकावे या ओढीने स्टुडिओंच्या दारांत हेलपाटे घालून गर्दीच्या दृश्यांत 'एक्स्ट्रा' म्हणून त्यांनी कामेही केली. नट होणे साधले नाही. पण चित्रपटगीतांच्या चाली मात्र कानांत कायमच्या बसल्या, आणि त्याच पुढे उपयोगी पडल्या.

अक्षरओळख आणि पहिले गीत

वामनदादा लिहायला-वाचायला कसे शिकले, याची हकिगत प्रसिद्ध आहे. लेझीम शिकवणारा हा तरुण शिकलेला असणार, अशा समजुतीने चाळीतल्या एकाने त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. वामनदादांना ते वाचता येईना. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडे जाऊन त्यांनी बाराखडी गिरवली. पुढचा अभ्यास मुंबईच्या रस्त्यांवर झाला. दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे पाठ्यपुस्तक ठरले. एकेक पाटी वाचत, जोडाक्षरे उलगडत ते साक्षर झाले.

१९४३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिले व ऐकले आणि त्याच वर्षी पहिले गीत रचले. हे पहिले गीत एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर बेतलेले विडंबन होते. चाळीतल्या मंडळींना ते आवडले, लोक हसले, पुन्हा म्हणायला लावले. शब्द जुळवता येतात आणि ऐकणारे ते उचलतात, हा शोध एकविसाव्या वर्षी लागला. त्यानंतर मात्र विडंबनाची जागा झपाट्याने बाबासाहेबांच्या विचाराने घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही.

जलशाचा वारसा

वामनदादा एकाएकी उगवले नाहीत. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रचारासाठी पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यात सुधारणेचा आशय भरला. आंबेडकरी चळवळीने हाच धागा पुढे नेला. तमाशात आरंभी गण येतो, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. आंबेडकरी जलसाकारांनी गणात गणेशाऐवजी बाबासाहेबांना व चळवळीला वंदन केले, गवळणीला फाटा दिला आणि वगात सावकार, पाटील, शाळेत जाणारी मुलगी, पाणवठा असे विषय आणले. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या समाजापर्यंत मनमाड, महाड, पुणे येथील सभांतले विचार पोचवण्याचे काम या जलशांनी केले.

येथे एक गल्लत टाळायला हवी. आंबेडकरी जलशाचे आद्य शिलेदार म्हणून ओळखले जाणारे भीमराव कर्डक हे वेगळे. तेही नाशिक परिसरातलेच. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा तो महत्त्वाचा दस्तऐवज आहे. भीमरावांच्या पिढीने जलसा उभा केला. वामनदादांच्या पिढीने जलशातून गाणे वेगळे काढून ते स्वतंत्रपणे चालते केले. नटसंच, पडदे आणि वग यांच्यासाठी लागणारा खर्च व माणसे यांची गरज उरली नाही. एक गायक, एक ढोलकी, एक हार्मोनियम आणि मागे सूर धरणारे दोघे-तिघे एवढ्यावर कार्यक्रम उभा राहू लागला. 'गायन पार्टी' हे नाव रूढ झाले ते यामुळेच.

गाण्याची घडण

वामनदादांच्या गीताची बांधणी वरकरणी साधी वाटते. दोन ओळींचा मुखडा, त्यानंतर तीन-चार कडवी, प्रत्येक कडव्याच्या अखेरीस मुखड्याशी जुळणारे यमक आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव. या साधेपणामागे व्यवहार आहे. ऐकणारा समूह उघड्यावर, मांडीला मांडी लावून बसलेला असे. ध्वनिक्षेपक असलाच तर एखादा, नसला तर आवाजावरच भिस्त. अशा ठिकाणी मुखडा दुसऱ्याच आवर्तनाला लोकांच्या तोंडी बसला पाहिजे, यमक कानाला अगोदर कळले पाहिजे आणि कडव्यातला विचार एका दमात पोचला पाहिजे.

चालींच्या बाबतीत त्यांनी कोणताही सोवळेपणा पाळला नाही. ओवी, भजन, लावणी, पोवाडा, कव्वाली, हिंदी व मराठी चित्रपटगीत, जे लोकांच्या कानांवर आहे ते त्यांनी घेतले. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे सारे लक्ष शब्दांकडे लागते, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. त्यांच्या रचनांत गझलेचा बाजही आढळतो. दोन ओळींत एक पूर्ण विचार सांगून मोकळे होण्याची सवय त्यांना होतीच. कव्वालीच्या ढंगाने भीमगीतांच्या कार्यक्रमांना 'सामना' हा प्रकार दिला. समोरासमोर दोन पार्ट्या, एकीच्या प्रश्नाला दुसरीचे गाण्यातून उत्तर आणि निर्णय श्रोत्यांच्या टाळ्यांवर.

मराठी चित्रपटांशीही त्यांचा थोडा संबंध आला. 'सांगत्ये ऐका' आणि 'पंचारती' या चित्रपटांच्या संदर्भात त्यांच्या गीतलेखनाचा उल्लेख होतो. परंतु ज्या पडद्याचे तरुणपणी वेड होते, त्याच्यासाठी लिहिणे हे त्यांचे मुख्य काम कधीच झाले नाही.

वंदन आणि कानउघाडणी

वामनदादांची ओळख 'भीमगीते लिहिणारे' अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता हा त्यांच्या लेखनाचा गाभा खराच. जन्म, शिक्षण, महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी झालेले महापरिनिर्वाण यांवर त्यांनी विपुल लिहिले. माता रमाई, सावित्रीबाई, बुद्ध आणि फुले हेही त्यांच्या गाण्यांत वारंवार येतात.

परंतु त्यांच्या गाण्याला दुसरी धार आहे. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन कष्टकऱ्यांचा वाटा कुठे आहे, असा थेट हिशेब मागणारे त्यांचे गीत गिरणगावात गाजले. तिसरी धार तर स्वकीयांवरच चालते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे पडू लागले. बाबासाहेबांच्या मताची मोजकी माणसे जरी खऱ्या अर्थाने उभी राहिली असती तर चित्र वेगळे दिसले असते, ही खंत त्यांनी अनुयायांच्याच मेळाव्यात, त्यांच्याच तोंडावर गाऊन दाखवली. जयंतीच्या व्यासपीठावर नेते बसलेले असताना असे गाणे म्हणणे सोपे नव्हते. लोक टाळ्या वाजवीत आणि त्याच गाण्यात स्वतःला ओळखीत.

भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ व १९६४ मध्ये केलेले सत्याग्रह, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चाललेला लढा अशा प्रत्येक टप्प्यावर वामनदादांची गाणी चळवळीबरोबर चालली. सभेच्या आधी गर्दी जमवायची, वक्ते येईपर्यंत ती धरून ठेवायची आणि सभा संपल्यावर लोक घरी जाताना त्यांच्या ओठांवर काही तरी द्यायचे, ही तिन्ही कामे गाणेच करीत असे.

गिरणी, यंत्रमाग आणि श्रोता

वामनदादांचा पहिला श्रोता मुंबईचा गिरणी कामगार होता. गिरणगावात पाळीची कामे, चाळीचे पटांगण आणि रात्रीचा कार्यक्रम हे समीकरण होते. कापड विणण्याचे काम हळूहळू गिरण्यांतून यंत्रमागाकडे सरकत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ही प्रक्रिया पूर्णत्वाला गेली आणि भिवंडी हे तिचे प्रमुख केंद्र ठरले. मुंबई-आग्रा मार्गावरील या गावात ठाणे, नाशिक, मराठवाडा, खानदेश येथून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांवर होती.

जी घरे देशावरून भिवंडीत आली, त्यांनी सामानाबरोबर ही गाणीही आणली. ज्या गावात मागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो, तेथे मोठ्याने म्हणता येणारे, सर्वांनी मिळून धरता येणारे आणि पाठ असलेले गाणेच टिकते. कव्वाली हा येथील मुस्लिम विणकर समाजाच्या ओळखीचा प्रकार. भीमगीतांतील कव्वालीचा ढंग म्हणूनच या गावाला परका नाही. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेले हे गाणे यंत्रमागाच्या गावात रुजले, याचे मूळ श्रोत्यांच्या आयुष्यात आहे. काम बदलले नव्हते, कामाची जागा बदलली होती.

पुस्तके तीस वर्षांनी

१९४३ मध्ये गाऊ लागलेल्या कवीचा 'वाटचाल' हा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध झाला तो १९७३ मध्ये. म्हणजे गाणे आणि पुस्तक यांत तीस वर्षांचे अंतर पडले. त्यानंतर 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे संग्रह आले. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे त्यांचे आत्मकथन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या तारखांना महत्त्व आहे. दलित साहित्याचा इतिहास सांगताना बाबूराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा कथासंग्रह आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) हा कवितासंग्रह हे टप्पे मानले जातात, आणि ते रास्तच आहे. परंतु छापील पुस्तकांच्या क्रमाने इतिहास लिहिला की वामनदादा 'गोलपिठा'नंतरचे ठरतात. प्रत्यक्षात ज्या श्रोत्यांतून हे वाचक आणि लेखक घडले, त्यांच्या कानांवर वामनदादांची गाणी आधीच तीस वर्षे पडत होती. मौखिक वाङ्मयाला पुस्तकाच्या तारखेने मोजले की असे होते. चळवळीने त्यांची उपेक्षा केली नाही. १९९३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. मुख्य प्रवाहातील समीक्षेने मात्र 'प्रचारगीत' असा शिक्का मारून बराच काळ त्यांच्याकडे पाठ फिरवली.

कॅसेटने दिले, कॅसेटने नेले

ऐंशीच्या दशकात स्वस्त ध्वनिफिती आल्या आणि भीमगीतांची बाजारपेठ उभी राहिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, त्यानंतर आनंद व मिलिंद शिंदे अशा गायकांचे आवाज घराघरांत पोचले. जयंती आणि दीक्षादिनाला ध्वनिफितींचे ढीग विकले जाऊ लागले. या गायकांचे मोठेपण वादातीत आहे. एकेका आवाजाने एकेक गाणे अजरामर केले. पण या व्यवहारात कवीची जागा सर्वांत मागे राहिली. वेष्टनावर गायकाचे छायाचित्र, कंपनीचे बोधचिन्ह आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत. कधी 'पारंपरिक' एवढाच उल्लेख.

वामनदादांचा स्वभावही याला पोषक ठरला. गाव सांगेल तेथे जायचे, प्रवासखर्च आणि मिळेल ते मानधन घ्यायचे आणि होतकरू गायकाने मागितले तर गाणे वहीतून उतरवून द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. गाणे पसरावे हाच हेतू असल्यामुळे दाता आणि घेणारा यांच्यात कागद झाला नाही. अनेक गायकांचा संसार या गाण्यांवर उभा राहिला. ज्याने ती लिहिली, त्याचे आयुष्य मात्र अखेरपर्यंत ओढगस्तीचेच राहिले.

नाममुद्रा हीच नोंद

अशा स्थितीत वामनदादांचा हक्क सांगणारा एकच कागद उरतो, तो म्हणजे गाण्याचे शेवटचे कडवे. मराठीत ही रीत जुनी आहे. संतांनी अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफले. 'तुका म्हणे' हे दोन शब्द नसते तर तुकोबांचे किती अभंग तुकोबांचे म्हणून ओळखता आले असते, हा प्रश्नच आहे. पेशवाईतील शाहिरांनीही नाममुद्रा पाळली. छापखाना नसलेल्या काळातील तो लेखाधिकार होता. वामनदादांनी तो विसाव्या शतकात, रेडिओ व ध्वनिफितीच्या काळात चालवला. कारण त्यांची गाणी ज्या वाटेने फिरणार होती, त्या वाटेवर छापील नाव सोबत जाणार नव्हते.

नाममुद्रा निव्वळ सही नसते. शेवटच्या कडव्यात कवी स्वतः श्रोत्यांसमोर येतो, स्वतःला बजावतो, स्वतःला दोष देतो किंवा वचन देतो. आधीच्या कडव्यांत समाजाला सुनावलेले बोल अखेरीस वामन स्वतःलाच लावून घेतो. त्यामुळे कानउघाडणीला उपदेशाचा वास येत नाही. हे कडवे गळले की कवीचे नाव तर जातेच, गाण्याचा तोलही जातो.

आणि आज गळते ते नेमके हेच कडवे. ध्वनिफितीच्या एका बाजूवर अधिक गाणी बसवण्यासाठी पूर्वी कडवी कमी केली गेली. मिरवणुकीतील डीजेला मुखडा आणि ठेका पुरतो. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत तर दुसरे कडवेही येत नाही.

गथ्रींची वही, वामनदादांची वही

या प्रश्नाला जगात अन्यत्र काय उत्तर मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत लोकगीत, ग्रामीण संगीत आणि ब्लूज यांतून निघालेल्या गीतपरंपरेला आता 'अमेरिकाना' असे नाव आहे. तिची संघटना १९९९ मध्ये स्थापन झाली आणि ग्रॅमी पुरस्कारांत २०१० मध्ये तिला स्वतंत्र विभाग मिळाला. या परंपरेचे एक मूळपुरुष वुडी गथ्री (१९१२-१९६७) यांचे आयुष्य वामनदादांशी अनेक ठिकाणी जुळते. ओक्लाहोमातील ओकिमा या गावी जन्मलेले गथ्री तिसाच्या दशकातील धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर फिरले. भजनांच्या आणि जुन्या लोकगीतांच्या चाली घेऊन त्यांनी मजुरांचे शब्द त्यांत भरले. कामगार संघटनांच्या सभांत ते गायिले.

साम्य येथवर आहे, पुढे वाटा वेगळ्या होतात. गथ्रींच्या मागे तीन हजारांच्या आसपास गीतांचे कागद उरले. त्यांच्या कन्या नोरा गथ्री यांनी त्या कागदांचे रीतसर संग्रहालय उभे केले. ज्यांच्या चाली हरवल्या होत्या अशा गीतांना ब्रिटिश गायक बिली ब्रॅग व 'विल्को' या वाद्यवृंदाने नव्या चाली दिल्या आणि १९९८ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. २०१३ मध्ये टल्सा शहरात गथ्रींच्या नावाचे केंद्र उघडले. अभ्यासकाला आज तेथे मूळ हस्ताक्षर पाहता येते.

वामनदादांच्या बाबतीत काम उलट्या टोकापासून करावे लागते. त्यांच्या गाण्यांच्या चाली लोकांच्या गळ्यात जिवंत आहेत, हरवण्याची भीती आहे ती कागदाची. गावोगाव दिलेल्या वह्या, गायकांच्या डायऱ्या, जुन्या ध्वनिफिती आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांत ही गाणी विखुरलेली आहेत. एकाच गाण्याचे तीन-चार पाठ आढळतात. कोणता पाठ मूळचा, हे ठरवताना अभ्यासकांना शेवटचे कडवेच हाताशी येते.

कायदा काय म्हणतो

भारतीय स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार गीत ही साहित्यकृती मानली जाते आणि तिच्यावरील हक्क कवीच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांबाबत ही मुदत २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. त्यांची गाणी 'पारंपरिक' म्हणून नोंदवणे त्यामुळे कायद्यालाही धरून नाही. याच कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा विशेष हक्क देते. आर्थिक हक्क विकले असले तरी हा हक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणातील गीतकारांना स्वामित्वधनातील वाटा सोडून देण्यास भाग पाडता येणार नाही, अशी तरतूद केली.

तरतुदी आहेत, पण त्या आपोआप चालत नाहीत. वसुलीसाठी गीताची नोंद लागते, नोंदीसाठी पुरावा लागतो आणि जो कवी तोंडी देत व तोंडी गात राहिला, त्याचा पुरावा लोकांच्या स्मरणात असतो. यासाठी वकिलाआधी संपादकाची गरज आहे.

अखेरचे पर्व

१५ मे २००४ रोजी नाशिक येथे वयाच्या ८१ व्या वर्षी वामनदादांचे निधन झाले. त्याच वर्षी २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. अवघ्या सहा आठवड्यांत या परंपरेने आपला थोर शब्द आणि थोर आवाज दोन्ही गमावले. विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच अखेरचा श्वास घेतला. या गीतपरंपरेचे सामर्थ्य आणि तिची वेदना आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटातून देशाबाहेरील प्रेक्षकांपर्यंत पोचली.

२०२२ हे वामनदादांचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्यांच्यावर विद्यापीठांतून संशोधन होते, संपादित संग्रहही निघाले आहेत. तरीही त्यांच्या समग्र गीतांची पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ती हे काम मोठे आणि तातडीचे आहे. ज्यांनी ती गाणी कवीच्या तोंडून ऐकली, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

तोवर एक काम मात्र कोणालाही करता येण्यासारखे आहे आणि त्याला खर्चही नाही. गाणाऱ्याने शेवटचे कडवे गाळू नये आणि लावणाऱ्याने ते संपण्यापूर्वी गाणे बंद करू नये.

जीवनपट

१९२२ : १५ ऑगस्ट, देशवंडी (ता. सिन्नर, जि. नाशिक) येथे जन्म
१९४३ : बाबासाहेबांचे प्रथम दर्शन, पहिले गीत
१९७३ : 'वाटचाल' हा पहिला गीतसंग्रह
१९७६ : 'मोहळ'
१९७७ : 'हे गीत वामनाचे'
१९९३ : पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वर्धा
१९९६ : 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन
२००४ : १५ मे, नाशिक येथे निधन